केरूबुवांचा अर्धा चेहरा आणि मुरलीधरचा लॅपटॉप

मृदंग जरा खाली ठेवा बुवा, हातांना विसावा द्या. पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला — आता गोष्ट! मंडळी, ऐका. पण गोष्टीच्या आधी एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. ज्यानं आपल्यावर उपकार केले, त्याच्यासाठी काही करायची वेळ आली, तर काय करावं? मोठ्यात मोठी, भारीत भारी वस्तू आणावी? का उचलून त्याच्या उंबऱ्यापर्यंत नेता येईल अशी आणावी? मोठी का जवळची?

त्या टोपीवाल्या काकांनी आत्ताच मान हलवली! काका, प्रश्नाला हलवली का डुलकीला? असू द्या. डुलकी लागली तरी इथंच बसा, देवाच्या दारातली झोपसुद्धा वाया जात नाही.

तर आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. आजचं आख्यान आहे — कॉम्प्युटरचं! हसताय? हसा हसा. पोथीत नांगर चालतो, जातं चालतं, मडकं चालतं, मग कॉम्प्युटरनंच काय घोडं मारलंय?

करंजओढा नावाचं गाव. गावात मुरलीधर फोटोवाला. स्टँडसमोर पत्र्याचं दुकान, आत एक स्टूल, एक दिवा, एक कॉम्प्युटर. धंदा कसला? लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, पासपोर्ट फोटो, आणि सगळ्यात जास्त — गेलेल्या माणसांचे फोटो! हो! कुणाचा आजा जातो, घरात धड फोटो नसतो. मग लेक येतो एक लग्नातला घोळका घेऊन. "मुरली, ह्या पंगतीतनं आमच्या आज्याला बाहेर काढ!" मुरली आज्याला पंगतीतनं उठवणार, हातातला लाडू पुसणार, अंगात कोट घालणार, डोक्याला फेटा बांधणार. जन्मभर ज्यानं बंडी सोडली नाही, तो आजा भिंतीवर कोट घालून बसतो! आणि जाता जाता लेक हळूच सांगतो, "जरा गोरा कर हं!" नवरीला गोरी कर, नवऱ्याला गोरा कर, गेलेल्यालाही गोरा कर. अहो, वर तरी रंग विचारत नसतील ना? पण मुरलीची सवयच होऊन गेली होती. माणूस आला, की उजळवला.

हा मुरली उभा कसा राहिला, ते ऐका. सुरुवातीला त्याच्याकडं कॅमेरा होता, पण फोटोच्या मागं लावायला पांढरा पडदा नव्हता. पत्र्यापुढं बसवून काढलेला पासपोर्ट फोटो कचेरीत चालेना. लोक परत यायला लागले, शिव्या घालायला लागले. तेव्हा भजनी मंडळाचे केरूबुवा दुकानात आले. काळेसावळे, उंच, हसले की डावा डोळा अर्धा मिटायचा. त्यांनी पिशवीतनं धुतलेलं, इस्त्री केलेलं धोतर काढलं आणि म्हणाले, "हे बांध मागं. माझ्याकडं दुसरं हाय." बस्स! एवढंच बोलले आणि चहासुद्धा न घेता गेले. मंडळी, सगळ्या गावाचे फोटो त्या धोतरापुढं निघाले. पोरं शाळेत लागली, पोरी नोकरीला गेल्या, म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाली. सगळ्यांच्या पाठीशी केरूबुवांचं धोतर! आणि बुवांचा स्वतःचा फोटो? एकही नाही. मुरली म्हणायचा, "बुवा, बसा की एकदा." बुवा म्हणायचे, "बसू की. काय घाई हाय?"

घाई नव्हती त्यांना. बुवा एका सकाळी काकड आरतीहून घरी आले, भिंतीला टेकले, आणि गेले.

मागं राहिल्या बुवांच्या बायको हौसाबाई; मुरली त्यांना मावशी म्हणायचा. त्याही न्हाणीत पाय घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं, खाटेला खिळल्या. वर्षश्राद्ध तोंडावर आलं. एक दिवस मुरली आणि त्याची बायको सिंधू मावशींना भेटायला गेले. मावशींनी मुरलीचा हात धरला आणि म्हणाल्या —

"मुरली, एक सांगू का? कुणाला बोलू नगंस. मला त्यांचं त्वांड आठवंना झालंय."

मुरली खाटेजवळ सरकला.

"आवाज येतो. पायताणाचा आवाज येतो. डोळं मिटलं की फेटा दिसतो, उपरणं दिसतं, आन् मधी नुसतं मोकळं! इतकी वर्षं ज्याच्याबर संसार केला, त्याचं त्वांड इसरती का रं बाई? मी मेल्यावर त्ये म्होरं आलं, तर वळकू कशी?"

मंडळी, सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? ज्ञान सांगायचं? आत्मा अमर आहे म्हणायचं? आत्म्याला भुवया नसतात हो! त्या माउलीला भुवया हव्या होत्या.

मुरली म्हणाला, "मावशी, मी आणतो बुवांना."

बोलून बसला! घरी येऊन शोधलं, तर एकच फोटो मिळाला. त्यानंच काढलेला, भजनी मंडळाचा. त्या दिवशी मुरली ओरडत होता, "बुवा, पुढं या!" आणि बुवा म्हणत होते, "पोरं ऱ्हाऊ द्या पुढं." मागच्या रांगेत उभे राहिले, आणि ऐन वेळी वारा आला, शेजाऱ्याच्या हातातली पताका फडफडली, आणि बुवांचा अर्धा चेहरा — झाकला! डावी बाजू गेली, उजवी राहिली. आणि वर संकट काय? मुरलीच्या जुन्या कॉम्प्युटरनं त्याच आठवड्यात धूर सोडला आणि कायमची समाधी घेतली.

आता नवा घ्यायचा. ऐपत एकाचीच. लॅपटॉप घ्यावा का डेस्कटॉप?

झालं! गावाला काम मिळालं! देवळाच्या पायरीवर सभा भरली. तालुक्याचा कॉम्प्युटरवाला पाखरे योगायोगानं देवाला आलेला, तो म्हणाला, "मुरलीभाऊ, फोटोचं काम म्हणजे डेस्कटॉप! डोळे झाकून घ्या. पडदा मोठा, रंग ठाम, तासन्‌तास चालवा, तापायचा नाही. एखादा भाग गेला तर तेवढाच बदला. त्याच पैशात ताकद जास्त." लगेच सिंधूचा भाऊ, म्हणजे मुरलीचा मेहुणा, शहरातनं आलेला — मेहुणे शहरातनंच येतात आणि सगळ्यात त्यांना कळतंच — तो म्हणाला, "दाजी, जमाना कुठं चाललाय! लॅपटॉप घ्या. लग्नाच्या मांडवात बसून फोटो करा. लाइट गेली तरी काम चालू. पिशवीत घातला की चालला!" पाखरे म्हणतो, "पिशवीत घालून पाडला म्हणजे?" मेहुणा म्हणतो, "डेस्कटॉप काय डोक्यावर घेऊन फिरणार का?"

मुरलीनं शेवटी देवळाच्या गुरवाला विचारलं, "रामभाऊ, तुम्ही काय म्हणता?"

गुरव समईत तेल घालत होता. म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय? पण आपल्या देवळात बघ. गाभाऱ्यातली मूळ मूर्ती जड, जागची हलत न्हाई. सगळ्यांनी तिच्याकडं यायचं. आन् पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. ल्हान हाय, पण दारोदार जाते. ज्याला देवळात येता येत न्हाई, त्याच्यासाठी ती केलीय."

मुरलीच्या डोळ्यांपुढं कोण आलं असेल? हौसाबाई! डेस्कटॉप दुकानात बसणार. मावशी दुकानात येणार कशा? आणि त्या नसतील तर बुवांची झाकलेली बाजू सांगणार कोण? पाखरे नको-नको म्हणत असताना मुरलीनं लॅपटॉप घेतला. चांगलं केलं का वाईट केलं? सांगा! आता कुणीच मान हलवत नाही. शहाणे झालात!

मुरली लॅपटॉप घेऊन मावशींच्या घरी गेला. खाटेशेजारी तिपाई ठेवली, तिपाईवर लॅपटॉप, आणि समोर स्टुलावर स्वतः. बुवांचा चेहरा मोठा केला. उजवी बाजू होती, तीच उलटून डाव्या बाजूला बसवली. आता चेहरा पुरा झाला!

"मावशी, बघा."

मावशी उताण्या पडलेल्या. मान वळवून बघायला लागल्या. "दिसत न्हाई रं. काळं काळं दिसतंय. जरा उजळ कर."

मुरलीनं उजळ केलं. "आता?"

"आजून काळंच हाय."

मुरली मनात काय म्हणाला असेल? म्हणाला, सगळ्यांना आपलं माणूस गोरंच हवं असतं, मावशींनाही हवंय. होऊ दे! आणखी उजळ केलं. "आता?"

"आता जरा दिसतंय. आजून थोडं."

स्टुलावरनं मुरलीला दिसत होतं, की बुवा फार पांढरे व्हायला लागलेत. पण तो म्हणाला, ज्यांनी संसार केला त्यांना जास्त कळतं का मला? मावशींचा लेक दिनकर शेजारी उभा होता, त्याच्या मनात आलं, आईचं मन मोडू नये. दोघंही चांगल्या मनानं गप्प बसले. मंडळी, वाईट मनानं जेवढी कामं बिघडतात ना, त्याच्याहून जास्त अशी चांगल्या मनानं गप्प बसून बिघडतात!

फोटो छापून आला. चौकट झाली, चंदनाचा हार घातला. दिनकरनं आईच्या हातात चौकट दिली. मावशींनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ धरली.

"ह्ये कोण?"

अहो, पिठाच्या डब्यात पडल्यासारखा पांढराफटक माणूस! दोन्ही डोळे एकसारखे, दोन्ही गाल एकसारखे. दिनकर म्हणाला, "आई, आबा हायत." मुरली म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगितलं तसं केलंय." झालं! तिथंच चुकलं. कारण मावशी मुरलीला काही बोलल्या नाहीत, फोटोला नावं ठेवली नाहीत. त्यांनी चौकट छातीवर उपडी ठेवली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"तुझं काय चुकलं न्हाई लेकरा. मीच इसरले. तू त्यांना आणून हुबं केलंस, आन् मी वळकलं न्हाई."

त्या दिवसापासून मावशींनी जेवण टाकलं. भाकरी आली की म्हणायच्या, भूक नाही. आणि गावात काय? गावात पायरी जागी झाली! "आम्ही सांगत होतो डेस्कटॉप घे! तीन दगडांची चूल पिशवीत घालून कुणी फिरतं का?" पाखरेचा फोन आला, "आणा परत, बदलून देतो." मुरलीला वाटलं, आपण उपकार फेडायला गेलो आणि त्या माउलीची उरलीसुरली आठवण पुसून आलो. ह्या वस्तूनंच घात केला. नकोच ती घरात!

लॅपटॉप पिशवीत घातला आणि तालुक्याला निघाला. सिंधू म्हणाली, "जाता जाता मावशींच्या पाया पडून जाऊ." गेले. मुरलीनं शेवटचा प्रयत्न म्हणून तिपाईवर लॅपटॉप उघडला, तोच पांढरा फोटो काढला, म्हणाला, "मावशी, ह्याच्यात तरी ओळखता का?" मावशींनी मानच वळवली नाही. मुरलीला काही तिथं बसवेना, तो बाहेर ओट्यावर जाऊन डोकं धरून बसला. दिनकर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा.

आत सिंधू राहिली. तिनं मावशींच्या केसांना तेल लावलं. मग तिनं काय केलं असेल? माय-बहिणींनो, तुम्हाला कळेल. ती त्या खाटेवर मावशींच्या शेजारी आडवी झाली. त्यांच्याच उशीवर डोकं टेकलं, त्यांच्या अंगावर हात टाकला, जशी लेक माहेरी आईजवळ पडते तशी. आणि पडल्या पडल्या सहज तिची नजर तिपाईवर गेली.

सिंधू ओरडली, "अहो! आत या! लवकर या!"

दोघं धावत आत. यांना वाटलं, संपलं सगळं!

"निजा!" सिंधू उठून म्हणाली. "इथं निजा! ह्या उशीवर डोकं ठेवा!"

मुरली म्हणतो, "अगं, वेड लागलं का? गडीमाणूस मी —"

"निजा म्हणते ना!"

बायकोनं असं सांगितलं की हरिहरसुद्धा निजतात! मुरली पाय खाली सोडून आडवा झाला. मावशींच्या उशीवर डोकं टेकलं. पडद्याकडं बघितलं, आणि बघतच राहिला.

पडद्यावर अंधार होता! तो पांढराफटक चेहरासुद्धा तिथनं काळपट, जेमतेम दिसत होता.

मंडळी, कळलं का काय झालं? त्या लॅपटॉपचा पडदा समोरून बघितला तर ठीक, वरून बघितला तर उजळ, आणि खालून बघितला — तर काळा! मुरली स्टुलावर उंच बसायचा, त्याला सगळं दिसायचं. मावशी खाली उताण्या, त्यांना सगळं काळं दिसायचं. त्या बिचाऱ्या नवऱ्याला गोरा कर म्हणत नव्हत्या, "मला दिसू दे" म्हणत होत्या! आणि आपण काय केलं? त्यांच्यासाठी पांढरा रंग ओतत बसलो!

मुरली त्या उशीवर डोकं ठेवून रडला. "मावशी, तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्हाला बुवा दाखवलेच नाहीत मी! मला बसल्या जागेवरनं दिसत होतं, म्हणून वाटलं तुम्हालाही दिसतंय."

उचला टाळ! माझीच तोडकीमोडकी ओवी आहे, सांभाळून घ्या —

उशापाशी बसती सारे ।
वरून घालिती वारे ।
उशीवर टेकता कळे रे ।
दुखणे तिचे ॥

राहू द्या, राहू द्या, बुवा अजून यायचे आहेत!

दिनकरनं लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि आईच्या बरोबर डोळ्यांसमोर, सरळ धरला. मुरली खाली पाटावर बसला, माउस हातात. ओतलेला सगळा पांढरा रंग काढून टाकला. मूळचा सावळा रंग वर आला, उन्हात राबलेला, घामानं चकाकणारा. मावशी आता भिंतीकडं बघत नव्हत्या.

"थांब," मावशी म्हणाल्या. "डावा डोळा तसा न्हवं. त्यो बारीक करायचा. हसताना त्यो अर्धा मिटायचा."

"असा?"

"आजून. हां. भुवई जरा वर. आन् त्या गालाला घळ पडायची, हितं." मावशींनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. अहो, जे तोंड आठवत नाही म्हणून ती बाई जेवत नव्हती, ते तिच्या बोटाच्या टोकावर बसलेलं होतं! दिनकरचे हात भरून आले, पण त्यानं ते खाली घेतले नाहीत. सिंधू म्हणाली, "मी धरते." तो म्हणाला, "न्हाई वैनी, आईला बघू दे."

मुरलीनं घळ पाडली, आणि बाजूला झाला.

मावशी एकटक बघत राहिल्या. डोळ्यांतनं पाणी कानाकडं वाहत होतं, तेही पुसेनात. आणि मग त्या कशा बोलल्या असतील? देवाशी बोलतात तसं? नाही! उशिरा घरी आलेल्या नवऱ्याशी बायको बोलते तसं बोलल्या —

"आलात व्हय? किती येळ लावायचा! मी जेवायची थांबलीया न्हवं का?"

आणि सिंधूकडं वळून म्हणाल्या, "पोरी, भाकरी टाक. दोन टाक."

वर्षश्राद्धाला तो फोटो चौकटीत लागला. कोट नाही, कोरा फेटा नाही. अंगात बंडी, रंग सावळा, आणि एक डोळा मिटून हसणारे केरूबुवा. सगळं गाव बघायला आलं. जो तो म्हणाला, "हे मात्र बुवाच!" मुरलीनं त्या माउलीच्या पायावर डोकं ठेवलं. मावशी म्हणाल्या, "तुझं उपकार कसं फेडू रं?" मुरली म्हणाला, "मावशी, माझ्या दुकानात अजून बुवांचं धोतर लटकतंय. मला फेडायचं नाही. मला तुमच्या घरचा राहू द्या, तेवढंच पुरे."

मेहुण्यानं नंतर विचारलं, "दाजी, शेवटी ठरलं काय? लॅपटॉप चांगला का डेस्कटॉप?" आता तुम्हालाही उत्तर हवंच असेल, पोराबाळांना घेऊन द्यायचा असतो. मुरली म्हणाला, "एका जागी बसून दिवसभर रंगाचं काम करायचं असेल तर डेस्कटॉप घे, पाखरे खोटं बोलत नव्हता. काम माणसाच्या दारी न्यायचं असेल तर लॅपटॉप घे, तूही खोटं बोलत नव्हतास. पण काहीही घेतलंस, तरी ज्याच्यासाठी काम करतोस त्याच्या जागेवर बसून एकदा बघ." पुढं लग्नसराई चांगली गेली, मुरलीनं दुकानात डेस्कटॉपही मांडला. आता गिऱ्हाईक आलं, की तो आपल्या खुर्चीवरनं उठतो, गिऱ्हाइकाला तिथं बसवतो आणि मगच फोटो दाखवतो.

गोष्ट संपली. पण तुम्ही सुटला नाहीत!

मंडळी, आता माझ्याकडं बघू नका, आपापल्या घराकडं बघा. ह्या मंडपात असा कोण आहे, ज्याच्या घरी कुणी पडून नाही? कुणाची आई आहे, कुणाचे वडील, कुणाची सासू. तुम्ही सेवा करता, मी नाही म्हणत नाही. औषध वेळेवर देता, डॉक्टर मोठा बघता, गादी भारी आणता. पण तिथनं त्यांना काय दिसतं, हे कधी बघितलंय? आज घरी गेलात, की कीर्तनाचा बुक्का पुसायच्या आधी एक काम करा. त्यांच्या शेजारी आडवे व्हा, त्यांच्या उशीवर डोकं टेका आणि बघा. काय दिसतं? नुसता पंखा दिसतो हो! पंखा आणि पोपडे आलेला कोपरा. दिवसरात्र तेवढंच! देव्हारा पाठीमागं, दार पाठीमागं, तुम्ही जेवता ते पाठीमागं. आणि आपण म्हणतो, म्हातारी चिडचिड करते!

आठवत नसेल तर विचारा घरात, तुम्ही तान्हे होता तेव्हा तुमचा पाळणा कुठं टांगला होता? चांगल्या खोलीत? नाही! जिथं आई भाकरी करत होती तिथं टांगला होता. कारण तुम्ही डोळे उघडले, की तुम्हाला ती दिसायला हवी होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला. तिनं तुमच्या जागेवरनं बघितलं होतं.

टाळ उचला, मोठ्यानं नाव घ्या, प्रसाद घ्या. आणि वाटेत पायरीवर गप्पांना थांबू नका. सरळ घरी जा, आणि त्यांची खाट फिरवा.